हजार रुपयांचा ‘दंड’ आणि अडवून ठेवलेली चावी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी चिपळूणचा असून खासगी नोकरी करतो. २८ डिसेंबरला, रविवारी, आई, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन मालवण तालुक्यातील एका किनाऱ्यावर गेलो होतो. सुरूच्या बनाला लागून दोरी बांधलेल्या एका जागेत ‘खासगी पार्किंग’ होते. तेथे सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी गाडी लावली, १०० रुपये रोख दिले आणि छापील पावती घेतली. गर्दीमुळे गाड्या एकामागे एक लावत होते, म्हणून चावीही त्यांनी ठेवून घेतली. बोटीच्या रांगेत वेळ गेल्याने आम्हाला परत यायला सव्वाचार वाजले. तेव्हा तेथील मुलाने सांगितले की, चार तासांची मुदत संपली असून १,००० रुपये दंड भरावा लागेल. पावती उलटून पाहिली, तर मागे बारीक अक्षरांत ‘४ तासांनंतर दंड रु. १०००’ आणि ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. दर्शनी फलकावर मात्र फक्त ‘कार रु. १००’ एवढेच होते. मुलांच्या एका फोटोत मागे तो फलक योगायोगाने आला आहे. मी बराच वाद घातला, पण “आदी हजार, मगे चावी” हे त्याचे एकच उत्तर होते. आईला मधुमेह आहे, तिच्या जेवणाची वेळ टळून गेली होती आणि तिची औषधेही गाडीतच होती. शेवटी फोनवरून पैसे भरले. ते कोणा बाईंच्या नावाच्या खात्यात जमा झाले आणि त्याची पावती दिली नाही. असा दंड घेण्याचा त्यांना अधिकार आहे का? मेहुणे म्हणतात, बँकेत तक्रार करून पैसे परत फिरवून घ्या. मित्र म्हणतात, पोलिसांत जा. पत्नी म्हणते, हजार रुपयांसाठी कोण हेलपाटे घालणार. आपण काय सांगाल?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र त्या ‘नाही’मध्ये आपली एक छोटी देणेबाजूही आहे. ती आधी मान्य केलीत, तर पुढचे सगळे सोपे जाईल.

दंड हा शब्दच येथे चुकीच्या जागी आला आहे. दंड करण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला आहे त्यालाच असतो. चुकीच्या ठिकाणी गाडी उभी केली, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली वाहतूक पोलीस चलन करू शकतात, आणि ते चलन पुढे न्यायालयात आव्हानही देता येते. आपल्या जागेत गाड्या लावू देणारा खासगी माणूस, मग तो जमिनीचा मालक असो की ठेकेदार, आपल्याकडून दंड वसूल करू शकत नाही. त्याला मागता येतात त्या फक्त दोन गोष्टी: ठरलेले भाडे, आणि आपल्यामुळे त्याचे खरोखर काही नुकसान झाले असल्यास त्याची भरपाई. पावतीवर ‘दंड’ छापल्याने त्या मागणीला सरकारी वजन येत नाही. ती मागणीच राहते, आणि मागणीला नकार देता येतो.

आता आपली बाजू. चार तासांची मुदत आपल्याला आधी कळली होती असे क्षणभर धरले, तर आपण पस्तीस मिनिटे उशिरा आलात. नाताळच्या सुट्टीतला रविवार आणि भर दुपार, म्हणजे त्या जागेत तेव्हा आणखी एक गाडी लागली असती, हे त्या ठेकेदाराचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ती गाडी लागली असती तर त्याला १०० रुपये मिळाले असते. तासाच्या हिशेबाने पाहिले तर आपल्याकडे त्याचे पंचवीस रुपये निघतात; पण मी आपल्या जागी असतो, तर पंचवीस आणि शंभर यांवर घासाघीस न करता आणखी एका पावतीचे पूर्ण शंभर रुपये कबूल केले असते. राहिले नऊशे. भांडण त्या नऊशे रुपयांचे आहे, हजाराचे नव्हे. हा फरक पत्रात स्पष्ट लिहिला, तर वाचणाऱ्याला, मग तो सरपंच असो की ग्राहक आयोगाचा सदस्य, आपण फुकटेपणा करायला आलेलो नाही हे पहिल्याच ओळीत कळते.

या नऊशे रुपयांच्या विरोधात तीन मुद्दे आहेत. त्यांतला पहिला सर्वांना सुचतो, दुसरा काहींना सुचतो, आणि आपल्या प्रकरणात सर्वांत भक्कम असलेला तिसरा बहुधा कोणाला सुचत नाही.

पहिला मुद्दा असा की, अट आधी सांगितलेली नव्हती. आपण फलक वाचून आत गेलात आणि फलकावर फक्त शंभर रुपयांचा दर होता. पैसे दिले, तेव्हा व्यवहार ठरला. त्यानंतर हातात आलेल्या कागदाच्या पाठीमागे काय छापले आहे, ते आपण वाचून मान्य केले असे म्हणता येण्यासाठी ती अट निदान नजरेला पडेल अशा रीतीने दाखवलेली असायला हवी. किंमत आधी कळणे हा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने दिलेला हक्कच आहे. शंभराच्या दराला दहापट रक्कम जोडायची असेल, तर ती फलकावर त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिण्यास किती रंग लागला असता?

दुसरा मुद्दा रकमेचा. समजा, अट मोठ्या अक्षरांत लिहिली होती आणि आपण ती वाचलीही होती. तरीसुद्धा भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ आडवे येते. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे आधी ठरवून ठेवलेले असले, तरी मागणाऱ्याला वाजवी भरपाईच मिळते. ठरवलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, हक्काची रक्कम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात या कलमाचा अर्थ सविस्तर लावला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. पस्तीस मिनिटांनी ठेकेदाराचे हजार रुपयांचे नुकसान कसे झाले, हे त्याला सांगावे लागेल, आणि ते सांगता येण्यासारखे नाही.

तिसरा मुद्दा चावीचा आहे. आपण तो पत्रात ओघाने लिहिलात, पण माझ्या मते सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे. गाडी स्वतः लावून, कुलूप घालून, चावी खिशात टाकून गेला असतात, तर आपण केवळ जागा वापरली असे झाले असते. येथे चावी त्यांनी घेतली, म्हणजे गाडी त्यांच्या ताब्यात गेली. याला करार अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये निक्षेप म्हणतात. साध्या भाषेत, एकाने दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेली आणि काम झाल्यावर परत घ्यायची वस्तू. ठेव ठेवून घेणाऱ्याला ती पैशांसाठी अडवून ठेवता येते का, याचे उत्तर कलम १७० आणि १७१ मध्ये आहे. ज्याने त्या वस्तूवर स्वतःची मेहनत किंवा कसब खर्च केले आहे, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती रोखून धरता येते; म्हणून गॅरेजवाला दुरुस्तीचे बिल चुकते होईपर्यंत गाडी सोडत नाही, आणि त्याविरुद्ध काही करार ठरलेला नसेल तर तो बरोबरही असतो. पार्किंगवाल्याने आपल्या गाडीवर कोणती मेहनत घेतली? ती तेथे नुसती उभी होती. त्यापलीकडे जुन्या किंवा इतर येणे रकमेसाठीही माल रोखून धरण्याची सर्वसाधारण मुभा कायद्याने मोजक्या लोकांना दिली आहे: बँका, अडते, धक्क्यावर माल उतरवून ठेवणारे, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विमापत्रांचे दलाल. मालवण, वेंगुर्ले, देवगड ही जुनी बंदरे असल्याने त्या यादीतले धक्केवाले आपल्या ओळखीचे आहेत, पण पार्किंगचा ठेकेदार तिच्यात कोठेही बसत नाही.

मग चावी अडवणे हे काय झाले? करार अधिनियमाचे कलम १५ जबरदस्तीची व्याख्या करते. एखाद्याला करारात ओढण्यासाठी त्याची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे, किंवा तशी धमकी देणे, हे त्या व्याख्येत शब्दशः येते. आणि कलम ७२ सांगते की, जबरदस्तीमुळे जे पैसे मिळाले असतील ते परत केले पाहिजेत. अडकलेली मालमत्ता सोडवण्यासाठी निषेध नोंदवून भरलेले पैसे या कलमाखाली परत मागता येतात, असे ब्रिटिश काळात भारतासाठी सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९१३ सालीच कन्हैया लाल विरुद्ध नॅशनल बँक ऑफ इंडिया या खटल्यात सांगितले होते. “तुम्ही स्वतःच फोनवरून पैसे पाठवले, कोणी हात धरला होता का?” असे ठेकेदार विचारील, तेव्हा उत्तर द्या की, हात धरला नव्हता, चावी धरली होती.

त्याच पावतीवरची दुसरी ओळही त्याच्यावरच उलटते. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापायचे आणि पैसे मिळेपर्यंत तेच वाहन आपल्या ताब्यात असल्यासारखे अडवायचे, या दोन गोष्टी एका कागदावर नांदत नाहीत. दिल्लीतील ताज महाल हॉटेलाच्या कर्मचाऱ्याकडे चावी देऊन लावलेली एक मारुती झेन १९९८ साली चोरीस गेली. टोकनवर अशीच जबाबदारी झटकणारी ओळ होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला की, चावीसह गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने टळत नाही. आपली गाडी सुखरूप आहे, म्हणून तो निकाल आपल्याला थेट लागू करायचा नाही. पण चावी घेतली की ताबा आला, हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

कायदा एवढा पुरे. आता पुराव्याकडे वळू, आणि येथे थोडी घाई करा. अशा पावत्या पुष्कळदा उष्णतेवर उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर छापलेल्या असतात. गाडीच्या काचेपाशी चार दिवस ऊन लागले की अक्षरे विरून जातात आणि हातात कोरा चिटोरा उरतो. आपली पावती तशी असेल तर आजच तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एक झेरॉक्स काढा आणि मूळ पावती वहीत, अंधारात ठेवा. फलक दिसणारा मुलांचा फोटो मूळ फोनमधून पुसू नका, कारण व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीत फोटो कधी काढला ही माहिती बहुधा राहत नाही. पैसे भरल्याचा तपशील उघडा: त्यात वेळ, बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याचे नाव असते. बोटीचे तिकीट सापडले तर तेही जोडा; उशीर का झाला हे त्यावरून दिसते, जरी त्याने आपले देणे पुसले जात नसले तरी. आणि त्या संध्याकाळी आपण भावाला किंवा मित्राला चिडून काही संदेश पाठवला असेल तर तो जपून ठेवा. तक्रार नंतर रचलेली नाही, त्याच दिवशीची आहे, हे सांगायला असा एक ओळीचा संदेश वकिलाच्या चार पानांहून अधिक कामाचा ठरतो.

पुढचा प्रश्न, पत्र पाठवायचे कोणाला? पावतीवर नाव नाही आणि पैसे गेले एका बाईंच्या खात्यात. त्या बाई कदाचित जमीनमालक असतील, ठेकेदाराची आई किंवा पत्नी असतील, किंवा शेजारच्या सरबताच्या टपरीच्या मालकीण असतील. केवळ खात्यावर नाव आहे म्हणून त्यांना गुन्हेगार ठरवू नका, परंतु पत्रात त्या नावाचा उल्लेख जरूर करा.

जागेबद्दल मात्र थोडा शोध घ्या. आपल्या किनाऱ्यावर ‘खासगी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ सरकारी मालकीचा आहे, म्हणजे ओल्या पुळणीवर कोणाची खासगी पार्किंग असू शकत नाही. सुरूची बनेही अनेक ठिकाणी वन विभागाने सरकारी जमिनीवर लावलेली आहेत. त्याला लागून असलेली माडाची बाग किंवा मोकळे भाटले मात्र खरोखर एखाद्या कुटुंबाचे असू शकते. सर्व्हे नंबर आणि हिस्सा कळला, तर सातबारा ऑनलाइन पाहता येतो. न कळला तर गावच्या तलाठ्याला विचारा. जागा खासगी निघाली तर पत्र मालकाला जाईल. सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या देखरेखीखालची निघाली, तर आपले काम उलट सोपे होईल, कारण मग कोणी तरी त्याला ठेका दिलेला असणार आणि त्या ठेक्यात दर ठरलेला असणार.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली ग्रामपंचायतीला गाडीतळावर फी घेता येते, आणि किनाऱ्यावरच्या काही पंचायती ते काम ठेकेदाराकडे सोपवतात. म्हणून पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीला द्याच. त्या जागेचा ठेका, ठरावाची प्रत आणि मंजूर दर माहितीच्या अधिकारात मागा: दहा रुपयांचे शुल्क, एकच विषय, अर्जाचा मजकूर १५० शब्दांच्या आत, आणि उत्तरासाठी तीस दिवस. उत्तर ‘असा कोणताही ठेका दिलेला नाही’ असे आले, तरी तेही आपल्याच उपयोगाचे आहे.

एक मोह टाळा. या टप्प्यावर कोणी तरी सुचवील की, जमीन बिनशेती आहे का विचारा, किनारा नियमन क्षेत्राचे नियम दाखवा, तहसीलदारांकडे तक्रार करा, म्हणजे कसा सरळ येतो बघा. ते नियम खरे आहेत आणि त्यांचे स्वतंत्र महत्त्वही आहे. पण नऊशे रुपयांसाठी ते उगारले की भरपाईच्या मागणीला धमकीचा वास येऊ लागतो. कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत आजूबाजूच्या कित्येक मोकळ्या जागा दोन दिवसांसाठी गाडीतळ होतात आणि त्या घरांना त्यातून चार पैसे मिळतात. त्यात मला काही वावगे वाटत नाही. वावगे आहे ते चावी अडवणे. तेवढ्यावरच बोट ठेवा.

पत्र साधे असावे. मी आपल्यासाठी एक मसुदा देत आहे, त्यात नावे आणि तपशील भरून घ्यावेत.

“सप्रेम नमस्कार. दिनांक २८ डिसेंबर रोजी सकाळी ११.४० वाजता मी माझी कार आपल्या पार्किंगच्या जागेत लावली व १०० रुपये रोख दिले. दर्शनी फलकावर याखेरीज कोणताही दर किंवा मुदत लिहिलेली नव्हती. गाडीची चावी आपल्या माणसाने ताब्यात घेतली. सायंकाळी ४.१५ वाजता परत आल्यावर ‘दंड’ म्हणून १,००० रुपये मागण्यात आले आणि ते दिल्याशिवाय चावी देण्यास नकार देण्यात आला. माझ्या वृद्ध आईची औषधे गाडीत असल्याने मी विरोध नोंदवून सोबत दिलेल्या व्यवहार क्रमांकाने ती रक्कम भरली. तिची पावती मला देण्यात आलेली नाही. जादा वेळेबद्दल आणखी १०० रुपये देणे मला मान्य आहे. उरलेली ९०० रुपयांची रक्कम भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ व ७४ नुसार परत मिळण्यास मी पात्र आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी, ही विनंती. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल. पावती, फलकाचा फोटो व व्यवहाराचा तपशील सोबत जोडला आहे.”

एवढेच. ‘लूट’, ‘गुंडगिरी’, ‘पर्यटकांची फसवणूक’ असे शब्द घालण्याचा मोह होईल, घालू नका. पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोच मिळाल्याचा पुरावा ठेवा आणि प्रत ग्रामपंचायतीच्या आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मालवणात कोणी नातेवाईक असल्यास ते काम त्यांच्याकडे द्या, त्यासाठी चिपळूणहून जाऊ नका.

आता घरातल्या सल्ल्यांविषयी. मेहुण्यांचा सल्ला चालणार नाही. आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले असते, तर बँकेची जबाबदारी आली असती. येथे पिन आपण स्वतः टाकला. पैसे कोणत्या दबावाखाली दिले, हे ठरवणे बँकेचे काम नाही. ‘मी हा व्यवहार केलाच नाही’ असे बँकेला लिहिणे तर धोक्याचे आहे, कारण ते खोटे आहे आणि पुढे आपल्या खऱ्या तक्रारीवरचा विश्वासही त्याने उडेल.

मित्रांचा सल्ला त्या दिवशी योग्य होता, आज तितकासा नाही. चावी अडवली त्याच क्षणी ११२ वर फोन केला असता, तर पोलीस येण्याच्या नुसत्या शक्यतेनेही बहुधा चावी सुटली असती. आता काही दिवसांनी ठाण्यात गेलात तर हा दिवाणी वाद आहे असे ऐकावे लागण्याची शक्यता आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मधील खंडणीची व्याख्या या वागण्याला लागू होते असा युक्तिवाद करता येईल, पण फौजदारी तक्रारीने नऊशे रुपये परत येत नाहीत आणि तडजोडीचे दार मात्र बंद होते. शिवीगाळ, धक्काबुक्की किंवा मारण्याची धमकी झाली असती, तर मी याच्या नेमके उलट लिहिले असते.

पत्नीचा प्रश्न सर्वांत व्यवहारी आहे, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांत देतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने आपल्यासारख्या प्रवाशाची मोठी अडचण दूर केली. पूर्वी तक्रार साधारणपणे जेथे घटना घडली किंवा जेथे विरुद्ध पक्ष राहतो त्या जिल्ह्यात करावी लागे. आता कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तेथेही करता येते. म्हणजे आपल्याला सिंधुदुर्गनगरीला जाण्याची गरज नाही, रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येईल. व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल होते आणि दृकश्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, म्हणून आधी पत्र, मग वाट पाहणे, मग आयोग, हा क्रम सावकाश पाळता येतो.

तक्रार लिहिताना एक चूक पुष्कळ जण करतात, अगदी वकीलही. नव्या कायद्यात ‘अनुचित करार’ अशी संकल्पना आहे आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणे तिच्यात स्पष्टपणे येते. त्यामुळे तोच शब्द उचलून जिल्हा आयोगात अर्ज केला जातो. परंतु अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगाला आहे, आणि नऊशे रुपयांसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. जिल्हा आयोगापुढे आपली तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शब्दांवर उभी करा. घेतलेल्या पैशांची पावती न देणे हे अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच येते, आणि हजार रुपयांची पावती आपल्याला मिळालेली नाही. भरपाई म्हणून नऊशे रुपये, त्रासाबद्दल एक माफक रक्कम आणि खर्च मागा. लाखाची मागणी करणाऱ्याकडे आयोगही जरा निराळ्या नजरेने पाहतो.

तरीही वेळ लागेल, हे पत्नीला प्रामाणिकपणे सांगा. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून आयोगाआधी दोन ठिकाणी प्रयत्न करून पाहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोठ्या कंपन्यांशी वाद असेल तर तिचा चांगला उपयोग होतो. किनाऱ्यावरच्या एकट्या ठेकेदारापर्यंत तिचा हात कितपत पोचेल याबद्दल मला शंका आहे, पण फोनला काही खर्च नाही आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. त्याहून अधिक भरवसा मी तालुका विधी सेवा समितीवर ठेवीन. खटला दाखल होण्यापूर्वीचे वादही लोकअदालतीत ठेवता येतात, त्याला फी नाही, आणि तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. समोरासमोर बसल्यावर ‘आदी हजार’ म्हणणारा मुलगा नव्हे, तर त्याचा मालक येतो, आणि मालकाला पुढच्या हंगामाचीही काळजी असते.

पुढच्या वेळेसाठी एकच सुचवतो. असा प्रसंग पुन्हा आला आणि पैसे देण्यावाचून गत्यंतर नसले, तर फोनवरून पैसे पाठवताना शेरा लिहिण्याची जी छोटी चौकट असते, तीत ‘विरोध नोंदवून, चावी अडवल्यामुळे’ एवढे चार शब्द टाकावेत. ते व्यवहाराच्या नोंदीतच राहतात.

पत्र पोचल्यावर बहुधा आपल्याला एक फोन येईल आणि पाचशे रुपयांवर मिटवण्याची भाषा होईल. मिटवायचे की नाही हे आपण ठरवावे. मी असतो तर सातशेपर्यंत ताणून मिटवले असते. फक्त ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून देण्यापूर्वी पैसे खात्यात जमा झाल्याचे पाहा, आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जातून फलकावर मुदत व जादा दर लिहिण्याची मागणी मात्र मागे घेऊ नका.